मूर्तीखालचं पाणी

पेण शहराला लागून, महामार्गाच्या कडेला रामवाडी. एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय इथलं, म्हणून बाहेरच्यांना नाव ऐकून माहीत. आषाढ-श्रावणात मात्र या पट्ट्याची खरी ओळख घराघरांतून दिसते. रामवाडी, पेण आणि पुढे हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत पडवीपासून माळ्यापर्यंत गणपतीच मांडलेले असतात. काही अजून कच्चे, म्हणजे पांढरे किंवा राखाडी, बिनरंगाचे. काही अंगकांतीचा हात लागलेले, तर काही नुसते डोळ्यांसाठी थांबलेले. इथून मूर्ती मुंबई-पुण्याला जातात, आणि बोटीने अमेरिका, मॉरिशस, ऑस्ट्रेलियापर्यंतही.

चार-पाच फुटी मूर्तींच्या रांगेत एका कोपऱ्यात टेबललॅम्पच्या उजेडात सहा इंचांची शाडूची मूर्ती ठेवलेली आहे. कमळावर बसलेला गणपती आणि त्या कमळाखाली खरं वाटावं असं पाणी, अशी एका घरची मागणी. मोठी मूर्ती रंगवणाऱ्या हातांना हे काम सोपं जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. मोठ्या मूर्तीच्या सोवळ्याची चुणी बोटभर खोल असते, तिची सावली तिची तीच पडते. सहा इंचांत तीच चुणी जेमतेम एक मिलिमीटर. तिच्यात सावली पडायला जागाच नाही. त्यामुळे सावलीही रंगवावी लागते आणि उजेडही.

म्हणून पितांबराला सरसकट पिवळा लावून भागत नाही. आधी सगळीकडे मधला पिवळा. मग तपकिरीत थोडा लाल मिसळून, पाण्यासारखा पातळ केलेला रंग चुण्यांवर सोडतात, तो आपोआप खोलगट भागात जाऊन बसतो. वाळला की चुण्यांच्या उंच कडांवरून जवळजवळ कोरडा ब्रश फिरवायचा, त्यावर फिकट पिवळ्याचा नुसता अंश. सोंडेच्या वळ्यांना, पोटाच्या गोलाईला, बोटांच्या फटींना हीच रीत. त्याआधी पॉलिश पेपरने घासून प्रायमर दिलेला असतो. मोठ्या मूर्तीत खपून जाणारा शाडूचा एखादा कण इथे गालावरच्या फोडासारखा दिसतो, म्हणून घासण्यातच बराच वेळ जातो.

डोळे सगळ्यात शेवटी. पेणच्या मूर्तीचं नाव झालं ते या आखणीमुळे, आणि कारखान्यात कितीही माणसं असली तरी आखणीचा ब्रश मोजक्याच हातांत असतो. या आकारात एक डोळा तांदळाच्या दाण्याएवढाही नाही. कारागीर करंगळी टेबलावर टेकवतो, श्वास सोडतो आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढतो. मग दुसऱ्या डोळ्याची तीच रेघ, लगेच. एक डोळा पुरा करून दुसरा घ्यायचा नाही, नाहीतर नजर जुळत नाही. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली किंचित झाकलेला हवा. पूर्ण गोल दिसला की चेहरा दचकल्यासारखा होतो. शेवटी पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, कारण उजेड एकाच खिडकीतून येतो. त्यावर तेवढ्यापुरतं चकचकीत वॉर्निश. बाकी अंग मॅट राहतं आणि डोळे ओलसर दिसतात.

आता पाणी.

देवाच्या पायाखालचं पाणी कसं असतं, हे मराठी घरांनी बरंचसं छापील तसबिरींतून शिकलं. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि कमळावर उभी असलेली त्याची लक्ष्मी घरोघरी पोचली. त्या पाण्याची छाप अजून पुसलेली नाही. कारखान्यात हाताखाली काम करणारी मुलगी तळ रंगवायला बसते तेव्हा पहिल्यांदा निळ्याचीच बाटली उचलते.

“निळं पाणी कुठं बघितलंस गं?” कारागीर विचारतो. “खाडीवर जाऊन ये एकदा.”

त्याचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पेणच्या खारेपाटात भरतीचं पाणी चिखल घेऊन येतं, राखाडी-तपकिरी. गावातलं तळं शेवाळी हिरवं. हेटवणे धरणाचं पाणी लांबून निळसर दिसतं, पण काठाशी त्याचा तळ दिसतो आणि तिथे ते मातीच्या रंगाचं असतं. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषतं, म्हणून जसजशी खोली वाढते तसतसा हिरवा-निळाच काय तो उरतो. छोट्या बैठकीवर हा फरक साधायचा तर पाण्याला नव्हे, तळाला रंग द्यावा लागतो. काठाशी फिकट वाळूचा रंग, आत येता येता शेवाळी, कमळाच्या देठाशी गडद हिरव्यात काळपट तपकिरी. हे सगळे रंग ओले असतानाच एकमेकांत ओढायचे, मधे रेघ दिसता कामा नये. पाणी ओतण्याआधी हा तळ सुंदर दिसला नाही, तर ओतल्यावरही दिसणार नाही. इतकी साधी गोष्ट बहुतेक नवखे विसरतात आणि सगळा भरवसा बाटलीतल्या पाण्यावर ठेवतात.

बाटलीतलं पाणी म्हणजे इपॉक्सी रेझिन. रेझिन आणि हार्डनर असे त्याचे दोन घटक. त्यांचं प्रमाण ज्या त्या कंपनीचं वेगळं, आणि ते वजनाने मोजायचं की मापाने, हे डब्यावर वाचूनच ठरवायचं. अंदाजपंचे चालत नाही. प्रमाण चुकलं तर रेझिन कायमचं चिकट राहतं, मग ते खरवडून काढण्यावाचून इलाज नाही. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, काडी सावकाश फिरवत ते मिसळायचं. भराभर ढवळलं की हवा आत जाते आणि बुडबुडे होतात.

बुडबुड्यांचं दुसरं मूळ तळात असतं. माती सच्छिद्र. तिच्या छिद्रांतली हवा वर येते आणि घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये अडकते. म्हणून रंगवलेल्या तळावर आधी वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात. बैठकीभोवती प्लास्टिकच्या पारदर्शक पट्टीचा बांध, सांधे ग्लू गनने बंद. केसाएवढी फट राहिली तरी रात्रीतून सगळं पाणी टेबलावर. मग तीन-चार मिलिमीटरचा पहिला थर. जाड थर एकदम ओतायचा नाही, कारण घट्ट होताना रेझिन तापतं, आणि जाडी जास्त असेल तर पिवळं पडतं, कधी तडकतंही. वर आलेले बुडबुडे हीट गनची झुळूक लांबून दाखवली की फुटतात.

कोकणात याच्यावर आणखी एक संकट, पावसाळ्याचं. पेणमध्ये रंगकामाची घाई नेमकी तेव्हा, जेव्हा भिंतींनाही ओल आलेली असते. हवेतल्या दमटपणामुळे हार्डनर बिघडतो आणि वर दुधाळ, तेलकट साय धरते. स्वच्छ पाण्याऐवजी धुकं दिसतं. उपाय घरगुती: पुठ्ठ्याच्या खोक्यात साधा पिवळा बल्ब तासभर आधी लावून ठेवायचा, बैठक त्यात ठेवून ओतायचं आणि झाकण लावून दिवसभर हात लावायचा नाही. धूळही त्यामुळे दूर राहते.

थरांमध्ये थांबण्याचा एक फायदा होतो. पहिला थर घट्ट झाला की त्यावर ब्रशने मासा काढता येतो आणि वर दुसरा थर ओतता येतो. माशाची खरी सावली तळावर पडते. जपानी चित्रकार रिउसुके फुकाहोरी अशाच थरांवर थर देत, प्रत्येक थरावर थोडा थोडा रंगवत, जिवंत वाटणारे गोल्डफिश उभे करतो. रामवाडीच्या टेबलावर माशाला जेमतेम नखाएवढी जागा आहे, पण युक्ती तीच.

वरचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट राहिला तर ते पाणी न वाटता काच वाटते. म्हणून शेवटी पारदर्शक ॲक्रिलिक जेल टाचणीच्या टोकाने उचलून कमळाभोवती गोल, अगदी हलक्या लाटा. काठावर दगडाशी पाणी आपटतं तिथे कापसाचे दोन-चार तंतू आणि पांढऱ्याचा स्पर्श. जास्त फेस केला की तळ्याचा समुद्र होतो.

एक पेच मात्र कितीही सफाईने सुटत नाही. शाडू पाण्यात विरघळतो, रेझिन विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 साली मूर्तींसाठी सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवायला मुभा देताना त्या नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जित करू नयेत असं बजावलं. पीओपीवरून इतका वाद चालू असताना शाडूच्या मूर्तीला इपॉक्सीचा पाट चिकटवून तो नदीत सोडायचा, हे कारागिराला मान्य नाही, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून पाणी आणि मूर्ती वेगळी. रेझिनच्या मधोमध कमळाच्या बुडाएवढी खोबण ठेवलेली असते, मूर्ती तिच्यात फक्त टेकते, चिकटवत नाहीत. विसर्जनाच्या दिवशी मूर्ती उचलायची; पाणी, मासा, दगड सगळं कपाटात परत. पुढच्या वर्षी नवी मूर्ती त्याच खोबणीत बसली पाहिजे, म्हणून बैठकीच्या उलट्या बाजूला मार्करने माप लिहून ठेवलेलं असतं: बूड पावणेतीन इंच, खोली पाव इंच. गिऱ्हाइकाने नोंदणीला येताना त्याचा फोटो आणायचा.