‘बीगल’वरची २२ घड्याळे

‘बीगल’ जहाज सगळ्यांना ठाऊक आहे ते डार्विनमुळे. ब्रिटिश आरमाराने मात्र ते दक्षिण अमेरिकेला धाडले होते किनाऱ्यांचे नकाशे अचूक करण्यासाठी.

१८२० मध्ये वूलिच इथे पाण्यात उतरलेले हे १० तोफांचे लहानसे जहाज काही वर्षे बिनकामाचे पडून होते. मग तिसरी डोलकाठी बसवून, तोफा कमी करून ते सर्वेक्षणाला जुंपले. पहिली सफर १८२६ ते १८३० अशी चालली. मॅगेलन सामुद्रधुनीच्या परिसरातल्या थंडीवाऱ्याने खचलेल्या कप्तान स्टोक्सने १८२८ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि जहाज तरुण रॉबर्ट फिट्झरॉयकडे आले.

डिसेंबर १८३१ मध्ये फिट्झरॉय पुन्हा निघाला, तेव्हा जहाजावर २२ क्रोनोमीटर, म्हणजे अचूक वेळ राखणारी घड्याळे, होती. इतकी कशाला? अक्षांश सूर्याच्या उंचीवरून काढता येतो, पण रेखांशाला वेळ लागते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. एका बंदराची वेळ घड्याळात जपून न्यायची, दुसऱ्या बंदरात सूर्यावरून तिथली वेळ काढायची. दोन्ही वेळांतला फरक हाच रेखांशांतला फरक. ४ सेकंद चुकले तर विषुववृत्तावर नकाशा जवळजवळ दोन किलोमीटर सरकतो. शिवाय घड्याळ एकच असेल तर त्याची चाल बिघडल्याचे कळणार कसे? दोन असली तर खरे कोणते? बरीच घड्याळे एकमेकांशी ताडून पाहिली, की भरकटलेले लगेच उघडे पडते.

म्हणून त्यांची बडदास्तही तशीच होती. प्रत्येक घड्याळ पितळी कड्यांत झुलते टांगलेले, त्याची पेटी भुशात बसवलेली. त्यांना किल्ली देण्याचे आणि त्यांची निगा राखण्याचे काम स्टेबिंग या कारागिराचे. त्याला फिट्झरॉयने स्वखर्चाने आणले होते. किनाऱ्यावर न्यायचे ते खिशातले घड्याळ, बाकीची जागची हलत नसत.

ही शिस्त लवकरच कसाला लागली. ब्राझीलमधल्या बाहिया आणि रिओ या बंदरांच्या रेखांशांतले अंतर फ्रेंच नकाशापेक्षा काही मैलांनी वेगळे आले. डार्विनला रिओत ठेवून फिट्झरॉय १८३२ मध्ये नुसते एवढे पडताळायला उलटा बाहियाला गेला. त्या दिवसांत जहाजावरचे तिघे तापाने दगावले. मोजणी मात्र फिट्झरॉयचीच बरोबर ठरली. मला हा निर्णय त्या सफरीतला सर्वांत मोठा वाटतो, कारण पुढच्या सगळ्या बंदरांचे रेखांश याच साखळीला जोडायचे होते.

ऑक्टोबर १८३६ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली. बंदरा-बंदरांतल्या वेळांच्या फरकांची बेरीज नेमकी २४ तास यायला हवी होती. ती सुमारे ३३ सेकंदच जास्त आली. लाटांवर पाच वर्षे हेलकावे खाऊन!

तिसरी सफर १८३७ ते १८४३, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांची. १८४५ पासून जहाज एसेक्समध्ये चोरट्या व्यापारावर पहारा ठेवण्यासाठी उभे राहिले आणि १८७० मध्ये मोडीत विकले गेले.