मावशीची गाडी का थरथरत होती?

माझी मावशी मूळची गोकाकची. लग्न होऊन इंदूरला गेली आणि राजेंद्रनगरच्या मराठी वस्तीत रमली. मराठी झालं, हिंदी झालं, माळवीही थोडी तोंडात बसली. पण रागावली की अजून कन्नडच. २०२३ च्या फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले होते. राजवाड्याजवळ सिग्नलला गाडी उभी राहिली आणि डॅशबोर्डवरचा गणपती लटलट कापायला लागला. "नोड, हेंग नडगाकत्तैती!" मावशी स्टेअरिंगवर हात आपटून म्हणाली.

गाडी १९९८ ची. तीन सिलिंडरची, कार्बोरेटरवाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. २०१३ ला झाली, २०१८ ला झाली. आता तिसरी खेप होती आणि मुलाने पुण्याहून फोनवर निकाल देऊन टाकला होता, "भंगारात काढा." काकांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरात चालवणारी एकटी मावशीच. बेचाळिसाव्या वर्षी ती याच गाडीवर शिकली. "नवी गाडी या वयात माझ्याच्यानं होणार नाही," एवढंच ती म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

काकांची तक्रार ॲव्हरेजची. पूर्वी गावात सतरा-अठरा द्यायची, आता काहीच देत नाही म्हणे. काहीच म्हणजे किती? तर पाचशेचं पेट्रोल आठ दिवसांत संपतं! आपल्यापैकी बहुतेकांचा हिशेब असाच असतो, आणि तो फसवा असतो. भाव बदलतात, फिरणं कमीजास्त होतं. खरा हिशेब टाकी ते टाकी. पंपाचं नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरायचं, किलोमीटर लिहून ठेवायचे, गाडी चालवायची आणि त्याच पंपावर पुन्हा तसंच भरायचं. आम्ही केलं. २२८ किलोमीटर, २० लिटर. म्हणजे ११.४. काकांची तक्रार खरी होती. (कंपनी छापते तो आकडा ठरावीक चाचणीतला. इंदूरजवळ पिथमपूरला २०२१ साली ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी-ट्रॅक सुरू झाला आहे. तिथली मोकळी धाव वेगळी आणि सराफ्याची संध्याकाळ वेगळी!)

गल्लीतल्या मिस्त्रीने दोनदा ट्यूनिंग करून दिलं होतं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "व्हॉल्व्ह गेले, हेड खोलावं लागेल." खर्च पंधरा हजार.

काकांचे एक मित्र पिथमपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते सकाळी प्लग-पाना घेऊन आले. ॲव्हरेज पडलं पण इंजिन शांत असेल तर आधी टायरची हवा, चिकटणारे ब्रेक, घसरणारा क्लच बघायचा, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही एकदम बिघडलं तर मात्र हवा, पेट्रोल नाहीतर ठिणगी, यांतच गडबड. तिन्ही प्लग काढून त्यांनी वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. चांगल्या प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असतं. इथे दोन काजळीने काळेकुट्ट, म्हणजे पेट्रोल जादा. तिसरा जवळजवळ पांढरा, म्हणजे तिथे हवा जादा. एकाच कार्बोरेटरवर तीन सिलिंडर, मग दोघांना एक न्याय आणि तिसऱ्याला दुसरा, असं का?

प्लग बसवून इंजिन चालू केलं आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून बघितली. पहिल्या दोघांची काढली की इंजिन अडखळायचं. तिसऱ्याची काढली तर फरकच नाही. तो सिलिंडर नावापुरता होता. (हे घरी करू नये, वायरीत जबर करंट असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तोही खराब होतो.) मग कॉम्प्रेशन मोजलं. तिन्हीचं जवळपास सारखं. म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, हेड खोलायचं कारण नाही.

ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा रबरी पाइप मॅनिफोल्डमध्ये तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडाशीच बसवलेला होता. त्यांनी तो तिथेच दाबून धरला, आणि थरथर एकदम कमी झाली. पाइप वळवून पाहिला तर खालच्या बाजूने उभी चीर. पंचवीस वर्षांचं रबर! तिथून हवा आत जायची आणि इंजिन कापायचं. ते कापू नये म्हणून मिस्त्री दर ट्यूनिंगला स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवत गेला. थरथर थोडी झाकली गेली, पण चीर तिथेच राहिली आणि टाकी रिकामी होत राहिली.

पाइप काही शे रुपयांत आला. तो ब्रेकचाच हवा, नळाचा पाइप कापून लावणारेही भेटतात, त्यांच्यापासून सावध. मग दोन्ही स्क्रू पुन्हा जागेवर आणले, एअर फिल्टर बदलला, टायरमध्ये हवा भरली. पीयूसीला या वयाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. गाडी त्याच्या आत बसली, आणि फिटनेसही मिळालं.

पुढची टाकी १६.२ ची निघाली. अठरा काही आले नाहीत. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे त्याची ताकद पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, तेव्हा थोडा फटका बसणारच. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्याही अधूनमधून तपासायला हव्यात. आपल्याकडे ज्यांच्या दारात कार्बोरेटरची मारुती ८०० (तिचं उत्पादनच २०१४ च्या जानेवारीत थांबलं) किंवा पद्मिनी उभी आहे, त्यांनी तर नक्कीच.

निघायच्या दिवशी मावशीच मला स्टेशनवर सोडायला आली. सिग्नलला गाडी थांबली, गणपती जागच्या जागी स्तब्ध. इंजिन बंद पडलं की काय म्हणून मी तिच्याकडे पाहिलं.

"बंद आगिल्ल," ती म्हणाली, "सुम्न कूडु."