लीव्ह अँड लायसन्स : मुदतीआधी घर सोडावं लागलं तर

करार रीतसर नोंदलेला, मुदत अकरा महिन्यांची, आणि पाचव्या महिन्यात मालकाचा निरोप येतो : मुलगा परत येतोय, पंधरा दिवसांत घर रिकामं करा. मुंबई-पुण्यात अशा वेळी भाडेकरू बहुतेकदा निमूटपणे टेम्पो बोलावतो. आपण ‘लायसन्स’वर राहतो, आपल्याला हक्क कसला, हे ब्रोकरपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांनी त्याला पटवलेलं असतं. यातलं अर्धंच खरं आहे. लायसन्सने जागेत मालकीसारखा हितसंबंध निर्माण होत नाही आणि सर्वसाधारणपणे मालकाला ते काढून घेता येतं, हे 1882च्या सुविधाधिकार कायद्यात आहेच. पण त्याच कायद्याची पुढची कलमं कोणी सांगत नाही. कलम 63 प्रमाणे लायसन्स काढून घेतल्यावर जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा लागतो. कलम 64 तर स्पष्ट आहे : मोबदला देऊन लायसन्स घेतलेल्या माणसाला, त्याचा काही दोष नसताना, ठरलेला उपभोग पुरा होण्याआधी बाहेर काढलं, तर त्याला भरपाई मागता येते. म्हणजे मालक लायसन्स काढून घेऊ शकला, तरी त्याची किंमत भाडेकरूवर ढकलू शकत नाही. दुसऱ्यांदा भरलेली दलाली, टेम्पोचं भाडं, नव्या कराराचा मुद्रांक आणि नोंदणी, हे खरे खर्च आहेत. त्यांच्या पावत्या जपायलाच हव्यात.

यावर मालकांचा आक्षेप असतो की भाडेकरू एकदा आत आला की निघत नाही. ही भीती निराधार नव्हती. 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेल्यांना मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला, आणि त्या आठवणीनेच पुढे कित्येक घरं कुलूपबंद राहिली. पण 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिच्यावर उपाय केला आहे. राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपूनही ताबा मिळाला नाही, तर कलम 24 खाली मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि त्यापुढच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. मुदतीनंतरचं एवढं संरक्षण मालकाला मिळालं असताना, मुदतीच्या आतल्या महिन्यांवर भाडेकरूने भरवसा ठेवला तर त्यात अवाजवी काय आहे? मालकाची गरज खरी असेलही, पण त्या गरजेचा खर्च ज्याची गरज त्यानेच सोसावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : करारातच एक महिन्याच्या नोटिशीचं कलम असतं. ते दोघांना लागू असेल आणि मालकाने ते पाळलं, तर भरपाईची मागणी लंगडी पडते, हे मान्य करावं लागेल. म्हणूनच अंगठा देण्याआधी लॉक-इनचा मजकूर वाचणं फार महत्त्वाचं आहे. भाडेकरूला सहा महिने घर सोडता येणार नाही आणि मालकाला मात्र कधीही नोटीस देता येईल, असा एकतर्फी मसुदा ब्रोकर सर्रास पुढे करतात. तिथेच अडून बसा आणि ‘लॉक-इन दोन्ही पक्षांना बंधनकारक’ एवढे शब्द घालून घ्या. नोटीस बरोबर असली तरी कुलूप बदलायचा किंवा सामान जिन्यात काढून ठेवायचा अधिकार मालकाला मिळत नाही. स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा हक्क संपला असं धरलं तरी, कायद्याच्या मार्गानेच हटवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली कृष्ण राम महाले खटल्यात म्हटलं आहे, आणि तो वादही लायसन्सवर चालवायला दिलेल्या उपाहारगृहाचा होता.