पेलेचे कार्ड आणि चार हजार रुपये

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. नांदेडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारा माझा भाचा संध्याकाळच्या एस.टी.ने वारंगा फाट्यावर उतरला तो थेट माझ्याकडेच आला. हातपाय धुतले नाहीत, पाणी घेतले नाही. खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "मामा, हे बघा. पेलेचं कार्ड हाय. १९५८ चं. चार हजारात द्यायलाय. आज रात्रीपर्यंतच थांबतो म्हणतो."

ते चार हजार रुपये त्याचे स्वतःचे होते. सुटीत हळद काढायला जाऊन, हात पिवळे करून त्याने ते साठवले होते. माझ्या बहिणीने त्या पैशांवर परीक्षेचा फॉर्म आणि खोलीभाडे धरून ठेवलेले. म्हणजे प्रश्न एका पुठ्ठ्याच्या तुकड्याचा नव्हता, तर एका घराच्या दोन महिन्यांच्या हिशेबाचा होता. तरी मी त्याला रागावलो नाही. कारण त्याच्या डोळ्यांत जे दिसत होते ते मी ओळखत होतो.

आमच्या लहानपणी आम्हीही जमवाजमव केली आहे. काडेपेटीचे छाप, चारमिनार आणि पनामाची रिकामी पाकिटे यांसाठी आम्ही फाट्यावरच्या पानटपऱ्यांभोवती घिरट्या घालत असू. नांदेड, हिंगोली आणि उमरखेड अशा तिन्ही वाटांच्या गाड्या इथे थांबत. दूरचा ड्रायव्हर वेगळ्या छापाचे पाकीट टाकून गेला की त्या दिवशी तो पोरगा राजा! पुढे बिग फन नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डे येऊ लागली, तेव्हा शाळेतली मुले गमापेक्षा कार्डासाठीच पैसे मागत. तेव्हा छंद काय असतो, हे या मामाला वेगळे सांगायला नको होते.

मी भाच्याला म्हणालो, "आज रात्री पैसे पाठवायचे नाहीत. उद्या सकाळी बोलू. खरी वस्तू एका रात्रीत खोटी होत नाही."

हा पेले कोण?

आपल्या घरातील माता-भगिनींसाठी थोडे सांगतो. पेलेचे पूर्ण नाव एडसन अरांतेस दो नासिमेंतो. जन्म २३ ऑक्टोबर १९४०, ब्राझील. वडीलही फुटबॉल खेळत, पण दुखापतीने त्यांचा खेळ अडला आणि घरात ओढाताण आली. मुलाने बूटपॉलिश केले. चेंडू घ्यायला पैसे नसत, म्हणून मोज्यात कागद आणि चिंध्या कोंबून त्याचाच चेंडू केला. तो मुलगा १९५८ साली सतराव्या वर्षी स्वीडनमध्ये विश्वचषक खेळला. उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध तीन गोल, अंतिम सामन्यात यजमान स्वीडनविरुद्ध दोन गोल. ब्राझील ५-२ ने जिंकले. त्यानंतर १९६२ आणि १९७० चे विश्वचषकही ब्राझीलने जिंकले आणि तिन्ही संघांत पेले होता. तीन विश्वचषक जिंकणारा दुसरा खेळाडू आजवर झालेला नाही.

सप्टेंबर १९७७ मध्ये पेले कलकत्त्याला आला होता. न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाकडून तो २४ तारखेला ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळला. पावसाने मैदान चिखलाचे झालेले, आणि सामना २-२ बरोबरीत सुटला. मी तेव्हा वसतिगृहात होतो. रेडिओभोवती बसलेल्या आम्हा पोरांपैकी एकानेही फुटबॉलचा खरा चेंडू कधी लाथाडला नव्हता. पण मोहन बागानने पेलेला जिंकू दिले नाही, याचा आम्हाला कोण आनंद! २९ डिसेंबर २०२२ रोजी पेलेचे निधन झाले, तेव्हा मला ती रात्र आठवली.

सकाळचा हिशेब

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन फाट्यावर गेलो. खिचडीच्या दोन प्लेटा मागवल्या आणि कागद-पेन्सिल पुढे ठेवली. रात्री जागून मी जी माहिती मिळवली होती, ती त्याच्यापुढे मांडली.

खेळाडूंची कार्डे ही मूळची व्यापाराची युक्ती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगारेटचे पाकीट मऊ असे. सिगारेटी मोडू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. मग त्या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा येईल, हे कंपन्यांच्या लक्षात आले. पुढे सिगारेट गेली, च्युइंगम आले. इटलीतील मोडेना शहरात वर्तमानपत्रांचे दुकान चालवणाऱ्या पानिनी कुटुंबातील भावांनी १९६१ साली फुटबॉलपटूंच्या चित्रांचा आल्बम काढला. आपल्या व्याकरणकार पाणिनीशी यांचे काही नाते नाही! त्यांचा विश्वचषकाचा पहिला आल्बम १९७० च्या मेक्सिको स्पर्धेचा, आणि त्यात पेले आहे.

पण भाच्याला हवे होते ते कार्ड त्याच्याही आधीचे. १९५८ साली स्वीडनमध्ये आलिफाबोलागेट नावाच्या कंपनीने खेळाडूंच्या चित्रांची मोठी मालिका काढली. तिच्यातील ६३५ क्रमांकाचे कार्ड पेलेचे. तो तेव्हा जगाला नुकताच माहीत होत होता, म्हणून ते त्याच्या सुरुवातीच्या कार्डांपैकी एक. अशा कार्डाला जमवणाऱ्यांच्या बाजारात सर्वांत जास्त मान असतो. याच कार्डाची अतिशय उत्तम अवस्थेतील एक प्रत २०२२ साली अमेरिकेत लिलावात तेरा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. आपल्या पैशांत ते दहा कोटींच्या घरात जाते.

मी भाच्याला एवढेच विचारले, "कोपरे झिजलेल्या, डाग पडलेल्या प्रतीलासुद्धा लोक रांग लावत असतील, तर हा माणूस वारंगा फाट्याच्या पोराला चार हजारात का द्यायलाय? आणि तेही आज रात्रीच का?"

तो गप्प बसला. खिचडी निवत गेली. मग हळूच म्हणाला, "मामा, मला वाटलं त्याला किंमत माहीत नसंल."

वाचकहो, फसवणारा माणूस आपल्या लोभावर जगत नाही, तो आपल्या आशेवर जगतो. गरिबाच्या मुलाला एकदा तरी नशीब उघडावे असे वाटते, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण त्या आशेचे दार उघडण्याआधी बाहेर कोण उभे आहे ते पाहिले पाहिजे.

खरे-खोटे कसे ओळखावे?

ज्यांच्या घरी असा छंद असेल त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट भिंगाची. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घ्यावे. छापील चित्र बारीक रंगीत ठिपक्यांचे बनलेले दिसते. खऱ्या जुन्या छपाईत अक्षरे व रेघा सहसा अखंड शाईच्या असतात. कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापले असेल, तर अक्षरेही ठिपक्यांत फुटलेली आणि कडा धूसर दिसतात.

दुसरी गोष्ट कागदाची. आजच्या पांढऱ्या कागदात चकाकी आणणारी रसायने असतात. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली असा कागद लख्ख निळसर चमकतो. जुना कागद बहुधा मंद राहतो. एवढ्यावरच निकाल देऊ नये, पण शंका घ्यायला हे पुरे.

तिसरी गोष्ट दर्जाची. परदेशात काही कंपन्या कार्ड तपासून १ ते १० असा दर्जा देतात आणि टणक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करतात. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मध्यावर आहे की नाही, या चार गोष्टी त्यात बघतात. पेटीवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहता येतो. मात्र पेट्याही नकली निघतात, हे विसरू नये.

चौथी गोष्ट पैशांची. जो घाई करतो, पाठीमागची बाजू दाखवत नाही, नाव-पत्ता सांगत नाही, त्याच्याशी व्यवहार करू नये. परदेशातून मागवले तर टपालखर्च आणि आयातशुल्क वर येते. आणि जे पैसे गेले तर घरात चूल अडेल, ते पैसे छंदात कधीही घालू नयेत.

भाच्याने त्या विक्रेत्याला कार्डाच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो मागितला. उत्तर आले नाही. दुपारपर्यंत तो क्रमांकच बंद झाला. परीक्षेचा फॉर्म वेळेवर भरला गेला.

मग छंद सोडायचा का?

मुळीच नाही. माझ्या बहिणीला वाटले, आता पोरगा हे खूळ टाकील. मी तिला म्हणालो, "आक्का, पोराला टपरीवर तंबाखू चोळत बसण्यापेक्षा भिंग घेऊन कागद बघत बसू दे."

आम्ही शंभर पानी वहीपासून सुरुवात केली. पेलेच्या निधनानंतरच्या वर्तमानपत्रांतील लेख मी ठेवले होते, ते पहिल्या पानावर. नांदेडच्या एका रद्दीवाल्याकडे जुन्या क्रीडा-अंकात पेलेचे पानभर चित्र निघाले. रद्दीवाल्याने किलोच्या भावात दिले. पुढचे लक्ष्य टपाल तिकिटाचे. १९ नोव्हेंबर १९६९ रोजी पेलेने आपला हजारावा गोल केला, त्यानिमित्त ब्राझीलच्या टपालखात्याने तिकीट काढले होते. तिकिटे जमवणाऱ्यांकडे ते विद्यार्थ्याला झेपेल अशा किमतीत मिळू शकते. पहिले कार्ड त्याने २८० रुपयांना घेतले. ते अलीकडच्या छपाईचे आहे आणि विकणाऱ्याने तसे स्पष्ट सांगून दिले. जुन्याचे नाव सांगून विकलेल्या नव्यापेक्षा नवे म्हणून विकलेले नवे केव्हाही चांगले.

जपणूकही शिकावी लागते. कार्डाला फेविकॉल, सेलोटेप लावू नये. लॅमिनेशन तर कधीच करू नये, त्याने वस्तू कायमची जाते. वास येणाऱ्या स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटांऐवजी पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे वापरावेत. पावसाळ्यात ओल आणि कसर हे दोन शत्रू. डबा भिंतीला चिकटवून ठेवू नये. कार्ड कोरड्या हाताने, कडेने धरावे. आणि प्रत्येक वस्तूची नोंद करावी: कधी, कोणाकडून, किती रुपयांना, कोणत्या अवस्थेत. नोंदीशिवाय संग्रह म्हणजे नुसती रद्दी.

वहीचे दुसरे पान

या नोंदी करताना भाच्याच्या वाचनात एक गोष्ट आली. पेलेचा हजारावा गोल ज्या वास्को द गामा संघाविरुद्ध झाला, त्या संघाची. रिओ शहरातील या संघाने १९२३ साली काळ्या आणि कष्टकरी खेळाडूंना घेऊन विजेतेपद जिंकले. दुसऱ्या वर्षी बड्या क्लबांनी तसल्या खेळाडूंना काढून टाका म्हटले, तेव्हा वास्कोने लेखी नकार दिला.

ते वाचून तो म्हणाला, "मामा, आपल्याकडं असं कोणी होतं का?"

होते. पळवणकर बाळू. चर्मकार समाजातील हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर साहेबांना सरावाची गोलंदाजी टाकी. पुढे हिंदूंच्या संघाने त्याला घेतले, कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हते. पण चहाच्या वेळी त्याचा मातीचा पेला वेगळा आणि जागा बाहेर. हाच बाळू १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्याने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुढे १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला. ज्या साली रिओमध्ये वास्को जिंकला, त्याच साली!

भाच्याने बाजारात बाळूचे कार्ड शोधले नाही. त्याने पुठ्ठा कापला. एका पुस्तकातील छायाचित्राची प्रत काढून पुढे लावली. मागे स्वतःच्या अक्षरात जन्म, गाव, संघ, बळी असे सगळे लिहिले. खाली बारीक अक्षरात लिहिले, "घरी तयार केलेले. विक्रीसाठी नाही."

पेलेच्या वहीत दुसऱ्या पानावर आता बाळू आहे. शेजारची चार पोरे रविवारी ती वही बघायला येतात आणि प्रत्येकाला आपापले कार्ड करायचे आहे. परवा माझ्या बहिणीनेच लग्नपत्रिकांचे जुने पुठ्ठे काढून दिले. कात्री तेवढी जपून वापरा म्हणाली.