चार तळहात जमीन

यंदाच्या आषाढात आमच्या मिरजोळ्याला पावसाने सलग चार दिवस सूर्य दाखवला नव्हता, तेव्हा धाकट्या भावाचा मुलगा नवी कोरी गाडी घेऊन अंगणात आला. गाडी फोर-व्हील ड्राइव्हची, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचवणारी. अंगणाबाहेरच्या ज्या चढावर दर पावसाळ्यात कुणाची ना कुणाची गाडी तांबड्या चिखलात रुतते, तिथून त्याने ती लोण्यातून सुरी काढावी तशी वर काढली. पेढ्यांचा पुडा पुढे करत म्हणाला, "काका, डिसेंबरात हिलाच घेऊन मनाली. चिखल काय नि बर्फ काय, हिला सगळं सारखंच!"

पेढा तोंडात होता म्हणून गप्प राहिलो. कारण जवळजवळ हेच वाक्य मी माझ्या लेकीच्या तोंडून ऐकलं होतं, आणि त्यानंतर काय घडलं तेही मला ठाऊक होतं.

लेक कॅनडात, मॉन्ट्रियलला असते. तो क्वेबेक प्रांत. तिथे हिवाळ्यात गाडीला हिवाळी टायर बसवणं कायद्याने सक्तीचं आहे. २००८ मध्ये हा नियम लागू झाला, तेव्हा मुदत १५ डिसेंबर ते १५ मार्च होती. २०१९ पासून ती १ डिसेंबरलाच सुरू होते. पण बर्फ काही कायद्याची तारीख पाहून पडत नाही. त्या वर्षी तो नोव्हेंबरातच पडला. टायर बदलायची वेळ पुढच्या आठवड्यातली होती. गाडी चारही चाकांना ताकद देणारी, मग काळजी कसली, असं म्हणत ती नातवाला मागे बसवून शाळेकडे निघाली. गाडी इतकी अलगद निघाली, की रस्ता किती निसरडा आहे हे तिला कळलंच नाही. वळणाशी ब्रेक दाबला, स्टिअरिंग वळवलं. गाडी मात्र सरळच गेली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात शिरली. कुणाला खरचटलंही नाही. दोन हातांवर बसथांबा होता, सुदैवाने रिकामा. रात्री फोनवर ती म्हणाली, "बाबा, चाकं थांबली होती हो, गाडी थांबत नव्हती." मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.

त्या वाक्यात सगळं आलं. इंजिनाची ताकद दोन चाकांना मिळो की चार, ती गाडी पुढे न्यायला. ब्रेक मात्र साध्यात साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात. म्हणजे ब्रेक दाबल्यावर थांबण्याच्या कामी फोर-व्हील ड्राइव्ह काही वेगळं देत नाही. उलट एक गोष्ट काढून घेते, ती म्हणजे इशारा. साधी गाडी असती, तर दारातच चाकं जागच्या जागी फिरली असती आणि लेक सावध झाली असती.

मी तीसेक वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. अर्जदार रक्कम किती मागतो यापेक्षा फेडणार कशातून, हे आम्ही आधी पाहायचो. वेग हेसुद्धा कर्जच. फोर-व्हील ड्राइव्ह ते झटपट मंजूर करते, पण फेड शेवटी टायरलाच करावी लागते. आणि टायरची ऐपत किती? मोटारीचा एक टायर जमिनीला टेकतो तो साधारण तळहाताएवढा. दीड-दोन टनांची गाडी आणि आत बसलेलं आपलं घरदार, सगळा भार या चार तळहातांवर.

हिशेब सोपा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला, तर कोरड्या डांबरावर गाडी आठ-नऊ मीटरांत थांबते. घर्षण चौथ्या हिश्शावर आलं, की अंतर चौपट होतं, म्हणजे तीस-पस्तीस मीटर. दाबलेल्या बर्फावर तेवढं सहज लागतं. एबीएस चाक अडकू देत नाही, त्यामुळे गाडी वळवता येते. पण नसलेली पकड तेही आणू शकत नाही.

हिवाळी टायर वेगळा कशात, हे समजायला आपली खोबरेल तेलाची बाटली आठवावी. पौषातल्या सकाळी ती थिजते. टायरचं रबर थिजत नाही, पण साधारण सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं घडवलेलं असतं. शिवाय त्यावर शेकडो बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फात रुततात, खोल खाचांत बर्फ भरतो, आणि बर्फाला बर्फाची पकड मिळते. फिनलंडमध्ये १९३४ मध्ये मालमोटारींसाठी असा टायर निघाला, १९३६ मध्ये मोटारींसाठी. आज खऱ्या हिवाळी टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह असतं. बर्फावरची चाचणी पार केल्याखेरीज ते मिळत नाही. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल, तर ते खाचांच्या ठेवणीपुरतं. आणि बसवायचे तर चारही. दोनच बसवले तर गाडीचं एक टोक धरतं आणि दुसरं घसरतं.

"आपल्याला काय त्याचं, आपण कोकणातले," असं कुणी म्हणेल. पण रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पहिल्या सरीत जांभ्याची धूळ आणि रस्त्यावरचं तेल यांचा राप होतो, पुढे सावलीतल्या रस्त्यांवर शेवाळ धरतं. हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढताना गाडीचं कौतुक होतं. परीक्षा होते ती उतरताना. पावसात टायरच्या खाचांचं काम पाणी बाहेर फेकणं. त्या झिजल्या, की वेगात टायर पाण्यावर तरंगू लागतो. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात; टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, की त्याचा जमाखर्च संपला. पावसाळ्यासाठी तीन मिलिमीटरवरच बदलावा, असं जाणकार सांगतात. आम्ही मात्र गाडीला सीट कव्हरं नवी घालतो आणि टायर 'अजून एक पावसाळा काढेल' म्हणतो.

पेढा संपल्यावर मी पुतण्याला हे सगळं सांगितलं. लेकीचा प्रसंग ऐकून तो गंभीर झाला. छत्री धरून आम्ही दोघं गाडीपाशी वाकलो. टायरवर 'एम प्लस एस' होतं, डोंगर नव्हता. असे टायर आपल्याकडे सहज मिळतही नाहीत. मग ठरलं, की मनालीपर्यंत त्याची गाडी. त्यापुढे बर्फ असेल, तर साखळ्या लावलेली तिथलीच गाडी आणि तिथलाच चालक. "पण काका, मग हिचा उपयोग काय?" त्याने विचारलं. म्हटलं, "रुतलास तर बाहेर काढेल. खालच्या गिअरमध्ये उतारावर सावकाशही उतरवेल. पण थांबायचं कुठे, हे तू आधी ठरवायचंस."

संध्याकाळी तो निघाला. येताना त्याचं चढणं मी कौतुकाने पाहिलं होतं. आता पडवीत उभा राहून उतरणं पाहत होतो. वळण बरंच लांब होतं, तेव्हाच पावसात मागचे लाल दिवे लागले.