सरासरीत हरवलेली प्रयोगशाळा

‘कॉलेजच्या सुविधांवर तुम्ही समाधानी आहात का?’ असा फॉर्म तुमच्यापैकी अनेकांनी भरला असेल. त्यातून निघणारा एकच एक आकडा कसा फसवा असू शकतो, ते आज मी सांगणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. महाविद्यालयांचं मूल्यमापन करणारी नॅक ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. तिचं मुख्यालय बेंगळुरूला आहे. २०१७च्या सुधारित पद्धतीत तिने विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं. त्यात २१ प्रश्न होते. पहिल्या २० प्रश्नांना ० ते ४ गुण, आणि शेवटच्या प्रश्नात आपल्या शब्दांत सूचना. बहुतेक प्रश्न शिकवण्याबद्दलचे. म्हणून सुविधांची चौकशी कॉलेजनेच वेगळी करायला हवी.

आता गणित बघा. समजा, एका कॉलेजात बी.ए.चे ६०० विद्यार्थी आहेत आणि बी.एस्सी.चे १००. बी.ए.वाल्यांनी सुविधांना सरासरी ३.५ गुण दिले, बी.एस्सी.वाल्यांनी १.५. सगळ्यांची मिळून सरासरी येते साधारण ३.२. अहवालात लिहिलं जातं, ‘विद्यार्थी समाधानी’. मग प्रयोगशाळेसाठी पैसे कोण मागणार?

शिवाय दोघांच्या गरजाही वेगळ्या. बी.ए.ला संदर्भपुस्तकं आणि वाचनालयात बसायला जागा हवी. बी.एस्सी.ला उपकरणं आणि रसायनं हवीत. एका सूक्ष्मदर्शकावर पाच जण असतील, तर ती अडचण दर प्रॅक्टिकलला जाणवते. उलट ग्रंथालयात कधीच न गेलेला विद्यार्थीही ‘चांगलं आहे’वर टिक करून मोकळा होतो!

म्हणून कॉलेजांना माझ्या तीन सूचना आहेत. एक, निकाल अभ्यासक्रमानुसार वेगवेगळा मांडा. दोन, आधी विचारा, ‘गेल्या महिन्यात ही सुविधा किती वेळा वापरली?’ तीन, जे वापरतच नाहीत, त्यांना कारण विचारा. कदाचित ग्रंथालय त्यांच्या तासांच्या वेळेतच उघडं असेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, सूचनेची जागा कोरी सोडू नका. ‘लॅब सुधारा’ एवढंच लिहून भागत नाही. ‘आमच्या २० जणांच्या बॅचला ४ सूक्ष्मदर्शक आहेत’ असं लिहा. नाहीतर स्वतःच्या हाताने एकही प्रयोग न करता पदवी हातात पडेल, आणि कागदावर तुम्ही समाधानीच असाल.

भेटू पुढच्या भागात.