अच्चारम: आधी विसार, मग सोनं

तंजावरात चित्र सांगायला गेलात, तर मजुरीइतकाच 'अच्चारम'चाही विषय निघणार. हा तमिळ शब्द म्हणजे आपला विसार. फळीवर डकवलेल्या कापडावर नक्षीचा उठाव तयार झाला, की त्यावर सोन्याचा वर्ख चढतो, आणि त्याचे पैसे चित्रकाराला आधीच मोजावे लागतात. फणसाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेल्या 'एकांड' वीणेचंही तेच. सरफोजी राजांच्या (१७९८-१८३२) वेळी दरबार होता. आता गिऱ्हाइकाचा विसार हेच भांडवल. तो मागताना कारागीर उगाच संकोचतो. राहिलेल्या रकमेसाठी नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाला २००६चा कायदा आहे: लेखी मुदत ठरली असली तरी ४५ दिवसांच्या आत पैसे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज. मात्र पावतीवर विसाराचा आकडा आणि तारीख हवी.